पिशवी काढायची हाय

डॉक्टरांनी खोलीतला दिवा घालवला, खिडकीचा पडदा ओढला आणि माझ्या मानेला बॅटरी लावली.

"हलायचं नाही," ते म्हणाले.

मी कशाला हलते! डाव्या कानाच्या खाली गार काच टेकली होती आणि समोर स्टुलावर बसलेल्या आत्तींचं तोंड हळूहळू उघडत चाललं होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. भाऊबंदांपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना पुरून उरलेली बाई. ती अशी आ वासून बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यानंच मला जास्त धडकी भरली.

"आगं बया!" त्या म्हणाल्या. "ह्ये तर आतनं उजाळलंय की सगळं!"

माझी मान मला कशी दिसणार? आत्तींनी नंतर सांगितलं, बॅटरीवर पंजा धरला की बोटं जशी लालभडक दिसतात, तशी मानेवरची सूज या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटली होती.

डॉक्टरांनी दिवा लावला. त्यांचं आडनाव हंचिनाळ. मिरजेला तेव्हा निम्मे डॉक्टर कानडी मुलखातले. मराठी ते बरं बोलत, पण एक वाक्य अर्ध्यावर सोडून दुसऱ्यावर उडी मारायची खोड होती.

"उजेड आरपार जातो. म्हणजे काय? घट्ट गाठ नाही. आत पाणी आहे. जखमेतून लस येते की, तसलं पाणी. त्याची पिशवी झाली आहे." त्यांनी सूज दोन बोटांनी दाबली, सोडली. "आईच्या पोटातली पिशवी आहे ही. बाळाला असते. मोठ्या बाईला फार क्वचित. आश्चर्य आहे! मूल किती तुम्हाला?"

"न्हाई," माझ्या आधी आत्तीच बोलल्या. "चार वर्सं झाली लग्नाला."

"पाळी वेळेवर येते? आता दिवस गेलेले नाहीत ना?"

मी मान खाली घातली आणि नाही म्हटलं. भूल द्यायच्या आधी प्रत्येक बाईला हे विचारतात, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं.

"मग पिशवी काढायची," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण काढायला पाहिजे. थोडी ठेवली तर परत भरते. समजलं?"

"समजलं," आम्ही दोघीही म्हणालो. डॉक्टरनं 'समजलं का' विचारलं की 'समजलं' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. न समजल्याचं घरी गेल्यावर बघायचं.

आता पिशवी काढायची म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला विचारा. बाजाराची पिशवी तुमच्या हातात असेल, पण बाईच्या तोंडी नुसता 'पिशवी' शब्द आला की तो गर्भाच्याच पिशवीचा. आणि त्या काळात तर तिचा सुळसुळाट झाला होता. तालुक्याला जाऊन कंबर दुखते म्हणा, पाय ओढतात म्हणा, डोकं धरतं म्हणा, उत्तर एकच, पिशवी काढा. आमच्या आळीतल्या चाळिशी गाठलेल्या निम्म्या बायका पिशवी काढून बसलेल्या. त्यामुळं मानेच्या दुखण्याला पिशवी काढायची, हे ऐकून तुम्हाला हसू येईल, आम्हाला आलं नाही. आम्हाला ते अगदी ओळखीचं वाटलं.

तरी माझ्या मनात पाल चुकचुकली होतीच. मान कुठं, पोट कुठं? पण डॉक्टर स्वतः म्हणाले होते, आईच्या पोटातली पिशवी, बाळाची पिशवी. वर मूल विचारलं, पाळी विचारली. आणखी काय सांगायचं राहिलं? परपुरुषाला, मग तो डॉक्टर का असेना, 'कुठली पिशवी' म्हणून विचारायची छाती माझ्यात नव्हती, आणि ज्यांच्यात होती त्या आत्ती गप्प बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशींना आत्तींनी हळूच विचारलं, "पिशवी काडायची हाय. कुटं जायाचं?"

मावशींनी बिनदिक्कत बायकांच्या वॉर्डाकडं हात केला. तिथं दारात उभ्या राहून आम्ही आत बघितलं. खाटांवर पोटाशी उशी धरून बायका पडल्या होत्या. एक जण उठून बसत होती, ती माझ्याकडं बघून म्हणाली, "एवढी ल्हान? हिची काडायची?"

आत्तींनी माझं मनगट धरलं आणि सरळ एसटी स्टँड गाठलं. डॉक्टरांनी आठवड्यात भरती व्हायला सांगितलं होतं, तो कागद त्यांच्या कमरेला खोचलेला तसाच राहिला.

माझं नाव मालन. तेव्हा तेविसावं लागलं होतं. आमच्या खानापूर तालुक्यातले पुरुष गलाईच्या धंद्यावर देशभर पांगलेले असतात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, हा तो धंदा. आमचे हे, सर्जेराव, तिकडं दक्षिणेत सेलमला असत. दिवाळीला यायचे, गावच्या जत्रेला यायचे, अंगाला तिकडच्या भट्टीचा वास घेऊन, आणि पाहुणचार संपायच्या आत परत. चार वर्षांचा संसार म्हणायचा, पण आम्ही नवरा-बायको एका छपराखाली राहिलो ते सगळं मिळून तीन महिनेही भरले नसते. तरीही मूल का नाही म्हणून बोट माझ्याकडंच. सेलमकडं कुणी बोट दाखवत नव्हतं, ते फार लांब पडायचं.

सासरे मी येण्याआधीच गेलेले. घरात आत्ती आणि मी. माहेरी आई नव्हती, भावजयीचं राज्य होतं. म्हणजे हे घर सुटलं तर मला दुसरं दार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि आत्तींनाही.

ती सूज दिवाळीत लिंबाएवढी होती. दुखायची नाही, मऊ होती, म्हणून मी पदरानं झाकून टाकली. जत्रेपर्यंत पेरूएवढी झाली. कुणी गंडमाळ म्हटलं, कुणी लेप दिला, तालुक्याच्या डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या दोन महिने चारल्या. गोळ्यांनी मी वाळले, सूज मात्र बाळसं धरत गेली. शेवटी आत्तीच म्हणाल्या, "चल मिरजंला. हिकडं ह्ये लोक तुला औशिद घालून मारत्यात."

आणि मिरजेहून आम्ही हे घेऊन परत आलो होतो.

एसटीत आत्ती खिडकीशी बसल्या होत्या. तासगाव मागं पडलं. मग त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ह्यातलं कुनाला काय बोलायचं न्हाई. तुज्या भावाला न्हाई, शेजारनीला न्हाई, कुनालाच न्हाई."

"ह्यांना?"

"त्याला तर न्हाईच न्हाई."

मला ते बरं वाटलं नाही. न सांगून किती दिवस चालणार? मुलगी देण्या-घेण्याच्या गोष्टी आधी अशाच गुपचूप होतात. आत्तींच्या भावाची सिंधू नावाची मुलगी होती, घाऱ्या डोळ्यांची, दहावी झालेली, अजून बिनलग्नाची. तीच सून करून आणायची आत्तींची फार इच्छा होती, पण सासऱ्यांनी हयात असताना माझ्या वडिलांना शब्द दिला होता. हे मला लग्नाच्या आठवड्यातच कुणीतरी पानसुपारीसारखं हातावर ठेवलं होतं. चार वर्षांत आत्तींनी सिंधूचं नाव कधी काढलं नव्हतं. पण नाव न काढण्यानंच माणूस जास्त लक्षात राहतं.

दोन दिवसांनी आत्ती सकाळीच नवं लुगडं नेसल्या.

"कुटं निघाला, आत्ती?"

"भावाकडं जाऊन येती. सांजंला येती परत."

"मधीच?"

"मधीच म्हंजे? म्हायेरला जायाला मुहूर्त लागतूय व्हय?"

त्या गेल्या आणि मी उंबऱ्यावर बसले ती दुपारपर्यंत उठले नाही. एक हात मानेवर ठेवावा, एक पोटावर. मानेतली पिशवी हाताला लागत होती, दाबली की सरकत होती. पोटातली पिशवी कधी हाताला लागली नव्हती, पण आता तिचाच भार वाटू लागला होता. मला काही केल्या उमगेना की ही काढायची की ती काढायची, की दोन्ही एकच आहेत, की एक वर चढून दुसरी झालीय. मी सातवी शिकलेली बाई, बाळ कुठं वाढतं हे मला कळत होतं. तरीसुद्धा भीतीपुढं शिकणं टिकत नाही. आणि मला मूल हवं होतं हो! कुणाला दाखवायला नाही, मलाच हवं होतं. रिकाम्या घरात दिवसभर मी ज्याच्याशी बोलू शकले असते, असं कुणीतरी.

आत्ती संध्याकाळी आल्या. भावाकडून शेंगा आणल्या होत्या. चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा भाव होता.

"काय म्हनत्यात मामा?" मी विचारलं.

"त्येला काय इचारायचं हुतं? मी वैनीला भेटाया गेल्ते."

वहिनी म्हणजे सिंधूची आई. मी शेंगा सोलत बसले आणि एकही तोंडात टाकली नाही.

त्यानंतर मला साधी सर्दी झाली. नाक गळायला लागलं, घसा धरला आणि मानेतली ती पिशवी एकाएकी फुगली. पेरूची पपई झाली म्हणा ना. मान वळेना. घास गिळताना तो मागच्या मागं अडकायला लागला. उताणी झोपले की श्वासाला शिट्टी वाजायची. आवाज तर असा फाटला की मी हाक मारली तेव्हा आत्तींनी दारात कोण पुरुष आलाय म्हणून डोक्यावर पदर घेतला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो, आणि हसताना मला धाप लागली. आत्तींचं हसू तिथंच थांबलं.

"ऊठ. मिरजंला जायाचं."

"पन पिशवी..."

"मरून पिशवी संबाळनार हाईस व्हय? ऊठ म्हनती न्हवं!"

जीप ठरवली. निघताना स्टँडवरच्या फोनच्या बूथपाशी आत्तींनी ती थांबवली. त्यांना आकडे येत नव्हते, म्हणून सेलमचा नंबर मी फिरवला. पेढीवरच्या कुणीतरी ह्यांना हाक मारली. ह्यांचा "हॅलो" कानात पडला आणि मला रडूच फुटलं. मनात म्हटलं, आता सांगून टाकायचं. निदान मी फसवलं असं तरी कुणी म्हणणार नाही. मी तोंड उघडलं, पण घशातून नुसती घरघर बाहेर आली. आत्तींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"मी आई बोलतीया. आरं, मालन हाय जवळ. तिला बोलता यीना... न्हाई रं, काय न्हाई. पिशवी झालीया, ती काडायची हाय... आरं ऐकून तर घे! मानंची, मानंची! मानंत पानी सांचून पिशवी झालीया. बायकांच्या पिशवीचा काय बी संबंद न्हाई. डाक्टरनं मला सोता सांगितलंय, उजेड पाडून दावलंय... व्हय. नुसती मानंची. आन तुला कोन काय सांगाया आलं तर त्येच्या थोबाडीत मार."

बूथवाला कान टवकारून बसला होता. मी आत्तींच्या तोंडाकडं बघत होते. पोटच्या लेकाला इतकं सरळ, इतकं बिनचूक खोटं बोलताना मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. पापणीसुद्धा हलली नाही त्यांची.

"तू घाई करू नगंस," त्या शेवटी म्हणाल्या. "काम आटपून सावकास ये."

फोन ठेवला. जीपमध्ये बसताना माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. खोटं का सांगितलं? आणि घाई करू नको कशाला? मी तिथं पडलेली असताना ह्यांनी येऊ नये, असं ह्यांच्या आईला का वाटावं? एकच उत्तर सुचत होतं. एकदा पिशवी निघाली की निघाली. मग लेक आल्यावर, बाबा, तिचीच मर्जी होती, मी तरी काय करणार, असं म्हणायचं आणि सिंधूच्या आईकडं नारळ घेऊन जायचं. सगळं जुळत होतं. फक्त एक जुळत नव्हतं. रस्त्यात खड्डा आला की आत्ती माझी मान दोन्ही हातांनी धरत होत्या, पाण्यानं भरलेली घागर धरावी तशी.

हंचिनाळ डॉक्टर मला बघून आमच्यावर उखडले. "आठवड्यात या म्हटलं होतं! आतल्या आत रक्त उतरलं आहे सुजेत. श्वास बंद झाला असता तर?" सुई घालून त्यांनी थोडं पाणी ओढलं. काळपट निघालं. मला जरा श्वास आला. मग कागद पुढं केला.

"सही करा. ऑपरेशन कशाचं, माहीत आहे ना?"

"पिशवीचं," मी म्हटलं.

"बरोबर."

झालं! आता शंकेला कुठं जागा? मी सही केली. पेन परत देताना मला आठवतं, मी रडले नाही. मला जगायचं होतं. मूल नसेल तर नसेल, नवरा दुसरी आणील तर आणील, पण श्वास घेता येत नाही म्हणजे काय, ते त्या जीपमध्ये कळलं होतं. आत नेताना मात्र मी आत्तींचा हात धरला आणि त्या फाटक्या आवाजात विचारलं, "ह्यांना खोटं का सांगितलं?"

"तू गप उतानी पड," आत्ती म्हणाल्या आणि हात सोडवून घेतला.

शुद्ध आली तेव्हा उजेड होता. घसा कोरडा ठणठणीत. डावी बाजू जड, मानेला पट्ट्या, त्यातून एक बारीक नळी बाहेर आलेली. मी आधी कुठं हात नेला असेल? चादरीखालून पोटावर. पोट मऊ, कोरडं, जसं होतं तसं. दुखणं नाही, पट्टी नाही. मला वाटलं, भूल अजून उतरली नाही.

तेवढ्यात चादर दुसऱ्या बाजूनं उचलली गेली. आत्ती वाकून आत बघत होत्या.

"काय चाललंय आजी?" नर्सबाई ओरडल्या. "पेशंटला थंडी वाजेल!"

"टाका कुटाय?"

"मानेवर आहे की. डोळ्यांना दिसत नाही?"

"ह्यो न्हवं. पिशवीचा. पिशवी काडलीसा न्हवं?"

"काढली. ती काय तिथं." नर्सबाईंनी टेबलावरची बरणी उचलून आत्तींच्या नाकासमोर धरली. तपासणीला जायची होती ती. आत पाण्यात काहीतरी तरंगत होतं, उकडलेल्या अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं, पातळ, घड्या पडलेलं.

"ही मानंतली?"

"मग कुठली?"

आत्तींनी बरणीकडं बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं, परत बरणीकडं. मग खाटेच्या पायथ्याशी फतकल मारून बसल्या आणि हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. त्यात रडणं कुठून सुरू झालं ते मला समजलं नाही. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. तेवढ्यात हंचिनाळ डॉक्टर चार-पाच शिकाऊ पोरं घेऊन आत आले.

"काय झालं?"

नर्सबाईंनी अंदाजानं सांगितलं. डॉक्टर आधी समजलेच नाहीत. समजलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ती पिशवी मी कशाला काढू? मी गळ्याचा डॉक्टर! आईच्या पोटातली म्हणजे, ही बाई आईच्या पोटात होती तेव्हा ही पिशवी तयार झाली. लस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या नीट जोडल्या गेल्या नाहीत. बहुतेकांना लहानपणीच दिसते. हिची गपचूप राहिली आणि आता फुगली. मोठ्या माणसात अशी मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी बघितली." ते पोरांकडं वळले. "नीट बघून घ्या. परत दिसेल न दिसेल." मग मला म्हणाले, "मुलं होतील तुम्हाला. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. आता चार दिवस अजिबात बोलायचं नाही."

मला बोलायचंच नव्हतं. मी रडत होते, पण ते सुखाचं होतं.

सगळे गेल्यावर आत्ती उशाशी सरकल्या. त्यांना राहवत नव्हतं. "मी वैनीकडं गेल्ते न्हवं, त्ये ह्येच इचारायला," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "तिची काडलीया न्हवं, दोन वर्सं झाली. टाका कुटं असतूया, किती दिसतूया, बाप्या मानसाला कळतंय का न्हाई. ती म्हनली, टाका वाळला की कळत न्हाई, अंदारात कुनाला काय कळतंय." आणि परत हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

मी बोटानं हवेत खूण केली. का?

"का म्हंजे?"

मी ओठ हलवले. ह्यांना. खोटं. का?

आत्तींचं हसू गेलं. "खोटं कुटं बोलले मी?" त्या उठून तांब्या उचलत म्हणाल्या. "मानंची म्हनले, मानंचीच निगाली."

तिसऱ्या दिवशी हे आले. सेलमहून रेल्वेनं उभ्यानं प्रवास करून आलेले, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. घाई करू नको म्हटलं होतं तरी आले होते. मला बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की मला माझ्याच संशयाची लाज वाटली. पैंजण आणले होते, सेलमच्या चांदीचे. चादर बाजूला करून स्वतःच्या हातांनी माझ्या पायांत घातले, वॉर्डातल्या बायका टकामका बघत असताना. आत्ती संत्रं सोलत बसल्या होत्या. नर्सबाईंनी बरणीची गोष्ट ह्यांना तिखटमीठ लावून सांगितली आणि सगळा वॉर्ड पुन्हा हसला. हेही हसले, पोट धरून.

"आगं, तुमचं काय घिऊन बसलीस?" हे मला म्हणाले. "माझं बी तेच झालं की! आई फोनवर पयल्यांदा नुसतं 'पिशवी' म्हनली न्हवं का? मला वाटलं, तसली. हातपायच गार पडलं माझं. म्हटलं, झाला का घोटाळा! आता परत सगळं नव्यानं बघाया लागतंय."

आणि परत हसले. चांगलं मोकळं हसले, मनात काही नसलेला माणूस हसतो तसं.

आत्तींची बोटं संत्र्यावर थांबली.

आमच्याकडं 'बघायचं' म्हणजे काय, ते मी सांगायला नको. दुकान बघतात, दवाखाना बघतात, पैशाचं बघतात. आणि मुलगी बघतात. ह्यांच्या मनात कुठलं बघणं होतं? पुढं मला मुलगी झाली, मग मुलगा झाला. हे मला कधी उणा शब्द बोलले नाहीत, सेलमला घेऊन गेले, माझ्या आजारपणात रात्री जागले. माणूस भला आहे. पण तीस वर्षांत मी कितीदा तोंडाशी आणून गिळलं, की अहो, त्या दिवशी काय बघायचं म्हणत होता तुम्ही? नाही विचारलं. विचारलं असतं तर ते खरं सांगून मोकळे झाले असते, आणि तेच मला नको होतं. त्यांच्या मनातलं मला आजही ठाऊक नाही. आत्तींना मात्र ठाऊक होतं, बूथवर फोन हातात घेतला तेव्हाच. लेक त्यांच्या पोटचा होता.

मी आत्तींकडं बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. मी सून म्हणून आले त्या दिवसापासून त्या माझ्याशी नजर चुकवून कधीच बोलल्या नव्हत्या, आणि आताही त्यांनी चुकवली नाही.

"जा, च्या पिऊन ये तू," त्या ह्यांना म्हणाल्या.

"आत्ताच पेलो की, आई."

"आनि एक पी."

हे गेले. आत्तींनी संत्र्याची फोड सोलून बिया काढल्या आणि माझ्या ओठांशी धरली. माझ्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं, ते त्यांनी पदरानं टिपलं. मी काही बोलायला तोंड उघडलं, तसा त्यांनी तळहात माझ्या तोंडावर ठेवला.

"बोलायचं न्हाई म्हनलाय डाक्टर," त्या म्हणाल्या. मग दोन्ही हात माझ्या कानांवर ठेवून, अगदी हळू म्हणाल्या, "आन ऐकायचं बी न्हाई."